हाड मोडण्याची वाट का पाहावी?

पन्नाशी उलटलेल्या माणसाचा खुबा दुखू लागला, की त्या दुखण्याचे खापर वयाच्या माथी फोडून मोकळे होण्याची आपली रीत इतकी जुनी आणि इतकी सर्वमान्य आहे, की खुद्द दुखणाईतालाही तिच्याविरुद्ध तक्रार करावीशी वाटत नाही. तेल चोळावे, शेक घ्यावा, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून वेदनाशामक गोळ्या आणाव्यात, कोणी सुचविल्यास हाडवैद्याकडून सांधा ओढूनताणून घ्यावा, आणि याउपर दुखलेच तर ‘आता हे चालायचेच’ असे म्हणून काठी हाती धरावी, हा क्रम घरोघरी चालतो. आणि बहुसंख्यांच्या बाबतीत त्यातून मोठेसे अनिष्टही घडत नाही, कारण त्यांचे दुखणे खरोखरच झिजेचे असते. परंतु याच गर्दीत अशीही काही माणसे असतात, की ज्यांचे हाड झिजत नसून आतून पोखरले जात असते, आणि पोखरणाऱ्या रोगाचे ठाणे सांध्यात नसून रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेत असते. मल्टिपल मायलोमा हे त्या रोगाचे नाव. एकंदर कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात सुमारे एक आणि रक्ताच्या कर्करोगांत दहांत सुमारे एक. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा सत्तरीच्या आसपास गाठतो, आपल्याकडे त्याहून सुमारे दहा वर्षे आधी.

या रोग्यांच्या खुब्याविषयी एक मत येथे मांडावयाचे आहे. मायलोमाच्या रोग्याचा खुबा शाबूत राखणे, आणि तो शाबूत राहणार नसेल तर वेळीच बदलणे, हे कर्करोगाच्या उपचाराचेच अंग मानले गेले पाहिजे. हाड मोडून रोगी स्ट्रेचरवरून आल्यावर करावयाचे ते एक वेगळे आणि दुय्यम काम आहे, अशी जी समजूत रुग्णालयांच्या विभागरचनेत, शासकीय योजनांच्या याद्यांत आणि कुटुंबांच्या मनांत ठाण मांडून बसली आहे, ती ज्या परिस्थितीतून जन्मली ती परिस्थितीच आता उरलेली नाही.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जिवंत शरीरात ते अहोरात्र विरघळविले जाते आणि अहोरात्र पुन्हा रचले जाते. जुने हाड खोदून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे हाड भरणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि दोहोंच्या कामाचा मेळ बसलेला असतो तोवर हाडाची बळकटी टिकते. मज्जेतील प्लाझ्मा पेशी, ज्यांचे नेमून दिलेले काम रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचे, त्या कर्करोगग्रस्त होऊन बेसुमार वाढू लागल्या, की हा मेळ दोन्ही बाजूंनी मोडतो: खोदणाऱ्या पेशींना चेतविणारी द्रव्ये वाढतात आणि भरणाऱ्या पेशींना थोपविणारी द्रव्येही वाढतात. जुन्या वाड्याच्या डागडुजीवरील गवंड्यांना घरी पाठवावे आणि पहारी चालविणाऱ्यांना मात्र दुप्पट रोज द्यावा, तशी ही अवस्था. नवे हाड रचण्याचे कामच थांबलेले असल्यामुळे, त्या रचनेची खूण टिपून रोग दाखविणारी जी बोन स्कॅनची तपासणी इतर कर्करोगांत उपयोगी पडते, ती येथे पुष्कळदा फसवी ठरते, आणि कमी मात्रेचा सर्वांगाचा सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पेट-सीटी यांचा आश्रय घ्यावा लागतो. निदान होते त्याच वेळी दहांपैकी सात-आठ रोग्यांच्या हाडांत अशी छिद्रे आढळतात. त्यांतील बहुतेक कणा, बरगड्या, कमरेचा अस्थिपंजर आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक येथे असतात, कारण प्रौढ वयात तांबडी मज्जा तेथेच वसते. आणि मांडीच्या हाडाचे हे वरचे टोक म्हणजे साध्या चालण्यातही शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पेलणारी जागा! बरगडीतील छिद्र वर्षानुवर्षे निभावून जाईल. खुब्यातील छिद्राला ती मुभा नसते.

या रोगाची पहिली तपशीलवार नोंद झाली तीच मुळी मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या निमित्ताने. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील शल्यवैद्य सॅम्युअल सॉली यांनी १८४४ साली एका एकोणचाळीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत लिहून ठेवली आहे. नवऱ्याने तिला उचलून बिछान्याकडे नेले, तेवढ्यानेच तिच्या मांडीची हाडे मोडली होती; आणि तिच्यावर उपचार काय झाले, तर नारंगीच्या सालीचा काढा आणि रेवाचिनीची गोळी. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर थोड्याच दिवसांत ती दगावली. पुढल्याच वर्षी, १८४५ मध्ये, त्याच शहरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या मूत्राचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे आला. तापविले असता साकळणारे, उकळले असता विरघळणारे आणि निवल्यावर पुन्हा साकळणारे एक विलक्षण प्रथिन त्यात आढळले, व ते आजही बेन्स जोन्स यांच्याच नावाने ओळखले जाते. निदानाच्या शास्त्राचा पाया असा घातला गेला खरा. पण त्यानंतर सुमारे शंभर वर्षे उपचारांच्या बाजूस फारसे काही नव्हते, आणि निदानानंतर बहुतेकांचे आयुष्य एक वर्षाच्या आत संपत असे. अशा रोग्याच्या मोडक्या हाडावर शस्त्रक्रिया करणे हा त्याच्या शेवटच्या दिवसांवर केलेला जुलूमच नव्हे काय, असा प्रश्न त्या काळच्या शल्यवैद्याने विचारला असेल, तर तो निर्दय होता असे कोण म्हणेल? त्याचा हिशेब त्याच्या काळापुरता बरोबर होता.

तो हिशेब दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी बदलू लागला, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक मौजेची गोष्ट आहे. धातूचा खुबा मानवी शरीरात बसविण्याचा एक गाजलेला आरंभीचा प्रयोग अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये केला होता, आणि तोही हाडातील गाठीसाठी, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु ही विद्या सर्वसामान्य रोग्यापर्यंत पोहोचविली ती लँकेशायरमधील रायटिंग्टन रुग्णालयातील जॉन चार्नली यांनी. धातूचा लहान गोळा, प्लॅस्टिकची वाटी, आणि दंतवैद्यांच्या व्यवहारातील अ‍ॅक्रिलिकसारखे सिमेंट, अशी त्रयी जुळवून त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये आपल्या टिकाऊ सांध्याची सुरुवात केली. त्याच १९६२ साली अमेरिकेत डॅनियल बर्गसागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलफालान या औषधाने मायलोमा मागे हटतो, हे प्रसिद्ध केले. एकाने चालणे परत दिले, दुसऱ्याने चालण्यासाठी काळ मिळवून दिला. पण दोघांचे विभाग वेगळे, नियतकालिके वेगळी आणि रोगीही बहुधा वेगळे, त्यामुळे या दोन गोष्टी परस्परांसाठीच आहेत हे ध्यानी येण्यास पुष्कळ वर्षे गेली.

त्यानंतर औषधांची प्रगती झपाट्याने झाली. गर्भवतींना दिल्यामुळे एके काळी जगभर कुप्रसिद्ध झालेले थॅलिडोमाइड मायलोमावर परिणामकारक ठरते, हे सीमा सिंघल प्रभृतींनी १९९९ मध्ये दाखविले. अमेरिकेत २००३ साली बोर्टेझोमिबला, २००६ साली लेनालिडोमाइडला आणि २०१५ साली डाराटुमुमॅबला या रोगासाठी परवानगी मिळाली. रोग्याच्याच मूळपेशी परत देऊन करावयाचे प्रत्यारोपण रूढ झाले. ज्याचे आयुष्य पूर्वी महिन्यांत मोजले जाई तो रोगी आज, उपचार लागू पडल्यास, आठ-दहा वर्षेही जगतो. आठ-दहा वर्षे जगणाऱ्या माणसाला खाटेवर निजवून ठेवणारा अस्थिभंग ही मग किरकोळ बाब कशी राहील? शिवाय येथे एक दुष्ट चक्र असते. कोणते औषध किती मात्रेत झेपेल, प्रत्यारोपण सोसवेल की नाही, याचा निर्णय करताना वैद्य रोग्याच्या एकंदर हिंडण्याफिरण्याचा अदमास घेतात. खुबा मोडून पडलेला रोगी त्या मोजमापात ‘अशक्त’ ठरण्याची भीती असते, आणि तसे झाल्यास त्याची मूळ चिकित्साच सौम्य होते. हाडाची उपेक्षा अशा रीतीने कर्करोगाच्या पथ्यावर पडते. हाडांची निगा म्हणजे नुसते वेदनाशमन नव्हे, याला पुरावाही आहे: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, हाडाची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाने, जुन्या तोंडी औषधाच्या तुलनेत, अस्थिभंगादी आपत्ती तर कमी झाल्याच, पण आयुष्यही काही महिन्यांनी वाढले.

मग खुब्यावर शस्त्रक्रिया केव्हा करावी? या प्रश्नावर अंदाजाने बोलण्याचे कारण नाही, कारण १९८९ साली हिल्टन मिरेल्स यांनी एक सोपे गणित मांडून ठेवले आहे. जागा, वेदना, छिद्राचे स्वरूप आणि त्याचा आकार, या चार बाबींस प्रत्येकी एक ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज नऊ किंवा अधिक झाली तर हाड मोडण्यापूर्वीच त्यास आधार द्यावा, सात किंवा कमी असेल तर थांबावे, आणि आठ आल्यास तारतम्याने ठरवावे. आता मायलोमाच्या रोग्याचे गणित मांडून पाहा. छिद्र खुब्याजवळच्या उंचवट्यापाशी असेल, तर जागेचे तीन गुण झाले. ते निव्वळ विरघळलेल्या हाडाचे असल्यामुळे स्वरूपाचे तीन झाले. पाऊल टाकताच कळ येत असेल, तर वेदनेचे तीन. आणि आकार अगदी लहान धरला तरी एक. बेरीज दहा! म्हणजे अशा रोग्याने ‘चालताना दुखते’ एवढे दोन शब्दांचे उत्तर दिले, की निर्णय जवळजवळ झालाच. आणि नेमके तेच उत्तर आपण वयाच्या खाती जमा करून टाकतो. हे गणित निर्दोष नाही. ते पुष्कळदा प्रत्यक्षाहून अधिक धोका दाखविते, म्हणून सीटी स्कॅन आणि अनुभवी वैद्याची नजर यांची जोड त्याला हवीच. तथापि न मोडलेल्या हाडावरील नियोजित शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो, रुग्णालयातील मुक्काम आटोपशीर राहतो आणि रोगी लवकर उभा राहतो, हा अनुभव सर्वत्रचा आहे.

ही शस्त्रक्रिया झिजलेल्या सांध्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेहून निराळी असते, हेही सांगितले पाहिजे. रोग हाडाच्या गोळ्यात किंवा मानेत असेल तर सांधा बदलणे श्रेयस्कर; त्याहून खाली असेल तर पुष्कळदा हाडाच्या पोकळीतून लांब सळई घालून भागते; आणि वरचे टोकच नष्ट झाले असेल तर ते समूळ काढून त्या जागी मोठे धातूचे हाड बसवावे लागते. खुब्याची वाटी निरोगी असेल तर अर्धाच सांधा बदलून चालतो. रोगट आणि किरणोपचार झालेल्या हाडात नवे हाड धातूला येऊन बिलगेल असा भरवसा नसल्यामुळे सिमेंटचा वापर बहुधा केला जातो, आणि तेच सिमेंट भरताना फुप्फुसाकडे चरबीच्या कणांचा लोंढा जाऊन रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. लेनालिडोमाइडसारख्या औषधांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. रोगप्रतिकार दुबळा असल्याने जंतुसंसर्गाची भीती अधिक. आणि मूत्रपिंडे आधीच संकटात असल्यामुळे, घरोघरी बिनदिक्कत घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या येथे विषासमान ठरू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघ्यापर्यंतचे संपूर्ण हाड तपासावे लागते, नाहीतर सळईच्या टोकाखाली दुसरेच छिद्र राहून जाते. आणि जखम भरल्यावर उरलेला रोग जाळण्यासाठी बहुधा किरणोपचार, रोग्यांच्या बोलीत ‘लाइट’, द्यावे लागतात. हे सारे एकट्या अस्थिशल्यविशारदाचे काम नव्हे, तसेच ते एकट्या रक्तविकारतज्ज्ञाचेही नव्हे.

या मताविरुद्ध घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे आणि त्याची बूज राखली पाहिजे. मायलोमा किरणांना चटकन दाद देतो. नवी औषधे सुरू होताच अनेकांची वेदना काही आठवड्यांत ओसरते. मग ज्या हाडाला विश्रांती, कुबड्या आणि किरणोपचार यांनी निभावता येईल, त्याची चिरफाड कशासाठी? महागडे सांधे बसविण्याचा हव्यास धरणारी रुग्णालये आपल्याकडे नाहीत, असे कोण छातीठोकपणे सांगेल? हा आक्षेप अनेक रोग्यांच्या बाबतीत सर्वस्वी खरा आहे, आणि ज्याचा रोग सर्व औषधांना पुरून उरला आहे, त्या अखेरच्या वाटेवरील रोग्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर नेताना तर शंभरदा विचार व्हावा. माझा आग्रह प्रत्येकाचा सांधा बदलावा असा नाही; बदलावा की नाही हा प्रश्न निदानाच्या दिवशीच, हाड शाबूत असताना, योग्य माणसांनी एकत्र बसून विचारावा, एवढाच आहे.

आणखी दोन प्रकार या चर्चेत सहसा दृष्टीआड होतात. मायलोमाच्या उपचारात डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडे दीर्घकाळ द्यावी लागतात, आणि त्यांच्यामुळे काही रोग्यांच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मृत होतो. रोग झोपलेला, माणूस धडधाकट, पण पाऊल टाकवत नाही, अशा या रोग्याला सांधा बदलून दिल्यास बहुतांशी चांगला गुण येतो. केवळ त्याच्या दप्तरावर ‘कर्करोग’ हा शब्द आहे म्हणून त्याचा अर्ज दूर सारणे अन्यायाचे आहे. दुसरा प्रकार याच्या उलट. वृद्ध माणूस घसरून पडतो, खुबा मोडतो, हाड ठिसूळ होते असे म्हणून सांधा बदलला जातो, आणि काढलेला गोळा तपासणीस न पाठविता टाकून दिला जातो. काही महिन्यांनी तो नवा सांधा सैल होतो, रक्त उतरते, मूत्रपिंडे थकतात, तेव्हा कुठे मूळ रोगाचा सुगावा लागतो. किरकोळ आघाताने मोडलेल्या प्रत्येक संशयास्पद खुब्याचा काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जावा, हा शिरस्ता पडण्यास एका परिपत्रकाहून अधिक काय लागेल?

सरकारकडे वळावयाचे, तर २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली, आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चाललेली योजना हा महाराष्ट्र राज्याचा खरोखर अभिमानास्पद उपक्रम आहे. २०२३ मध्ये तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि प्रतिवर्षी पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. परंतु अशा योजनांची मांडणी शाखानिहाय आणि शस्त्रक्रियानिहाय असते, आणि मायलोमाचा रोगी तर एकाच महिन्यात रक्तविकार, अस्थिशल्य आणि किरणोपचार अशा तीन शाखांचा असामी असतो. तीन मंजुऱ्या, तीन कागदपत्रांचे संच आणि तीन रांगा, एवढी तजवीज मुंबई-पुण्यापासून दूरच्या तालुक्यातील लंगडत्या माणसाने कशी करावी? किमतीचेही तसेच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध-दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीस कमाल मर्यादा घातली, आणि विशेष म्हणजे कर्करोगासाठीच्या गुडघ्याच्या खास सांध्यासही १,१३,९५० रुपयांची मर्यादा ठरविली. त्या हुकुमात खुबा नव्हता. मायलोमा तर गुडघ्यापेक्षा खुब्यालाच कितीतरी अधिक ग्रासतो. तेव्हा गुडघ्याला लावलेला न्याय खुब्याला, निदान कर्करोगाच्या रोग्यापुरता तरी, लागू करण्यास कोणती अडचण आहे, याचा खुलासा व्हावयास हवा.

आणि रुग्णालयाबाहेरही काम उरतेच. नवा खुबा घेऊन आलेल्या माणसाला पाटावर मांडी घालून जेवता येणार नाही, उकिडवे बसून शौचास जाता येणार नाही, देवघरात जमिनीवर बसता येणार नाही. निदान प्रारंभीच्या काळात तर नाहीच, आणि मोठे धातूचे हाड बसविले असल्यास बहुधा कायमचे नाही. सांधा निखळण्याचे भय त्यात असते. उंच आसनाचे शौचपात्र, भिंतीला धरायचा दांडा, उंबरठ्याशी उतरती फळी, आणि आठवड्यातून काही वेळा येणारा फिजिओथेरपिस्ट, या गोष्टी शस्त्रक्रियेच्या मानाने किती स्वस्त आहेत! दवाखान्याच्या बिलात मात्र त्या नसतात, आणि म्हणून योजनेतही नसतात.

तेव्हा मागणे आहे ते असे. पन्नाशीनंतर हाडाचे दुखणे काही आठवडे टिकले, रात्री वाढू लागले, किंवा त्याच्या जोडीला फिकटपणा आणि थकवा आला, तर एक्स-रे, रक्तगणना, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी, एवढे तालुक्याच्या ठिकाणी झाले पाहिजे. मायलोमाचे निदान झालेल्या प्रत्येकाचे खुबे तपासून त्यांच्या बळकटीचा अभिप्राय कागदावर नोंदविला पाहिजे, आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणून जे संयुक्त सल्लामंडळ बसते, त्याचा लाभ जिल्हा रुग्णालयातील रोग्यास दूरसंचार साधनांनी मिळाला पाहिजे. आणि योजनेच्या अर्जाच्या नमुन्यात, ‘अस्थिभंग’ या रकान्याच्या शेजारी, दोन तज्ज्ञांच्या सह्यांनिशी भरावयाचा ‘संभाव्य अस्थिभंग’ असा आणखी एक रकाना असावा, म्हणजे मोडलेल्या हाडाचा खर्च ज्याच्या लेखणीने मंजूर होतो, त्याच कारकुनाला न मोडलेल्या हाडाचा, आणि म्हणून पुष्कळ कमी, खर्च मंजूर करण्यास सरकारचा लेखी आधार मिळेल.